आठ नंबरच्या गाडीची उजवी बाजू

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखत असताना तू दिवसभर शिलाईच्या मशीनवर बसतेस हे वाचून रागवावं म्हटलं. पण मीही दिवसभर टेबलावर वाकलेला असतो आणि माझी मान दुखते, तेव्हा आपण दोघांनी एकमेकांना शहाणपण न शिकवलेलं बरं. फोनवर मी नुसता हो-हो करतो आणि पत्रात मला उत्तर द्यावं लागतं, हे तुझं म्हणणं कबूल. म्हणून हे उत्तर.

बातमी मोठी आहे. बाबांच्या गाडीचं मॉडेल होत आलं! अकरा महिने लागले. खऱ्या गाडीचा बारावा हिस्सा, म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत दीड वीत. चाकांतली एकेक तार हातानं ओवली आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या करून भरलं, आणि त्याच मेणानं, त्याच साच्यांनी, कवळ्यांच्याच गुलाबी मसाल्यानं आता गाडी केली. रंग देईपर्यंत अख्खी गाडी हिरड्यांसारखी दिसत होती. तुझी भावजय म्हणाली, हिला आता फक्त हसता यायचं राहिलंय. रंग मात्र अगदी खरा आहे. बाबांच्या पेटीतल्या पुसायच्या फडक्यावर जो भुरकट निळा डाग आहे ना, त्याच्याशी ताडून घेतला.

आता मुद्द्याचं. शर्यतीच्या संग्रहालयाच्या बाईंचं पत्र आलं. बाबांची गाडी चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली त्या वर्षी शेवटपर्यंत टिकल्या त्या एकोणीस गाड्या. काचेच्या कपाटात अठरांची मॉडेलं आहेत. एकोणिसावी जागा रिकामी, आणि तिथं पाटी आहे की आठ नंबर, शेवटचा क्रमांक, माहिती उपलब्ध नाही. माहिती असणार कुठून? बाबांच्या वर्कशॉपात घडवलेली ती एकच गाडी, पुढं भंगारात गेली, नकाशे कुणी ठेवले नाहीत. बाई म्हणतात, मॉडेल ठेवू आणि पाटीवर मेकॅनिक म्हणून बाबांचं नावही घालू. पण अट आहे. ती गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी एक ड्रायव्हर अजून हयात आहेत, वय अठ्ठ्याऐंशी. पत्रांना उत्तरं देत नाहीत, पण दरवर्षी शर्यतीच्या तारखेला, सत्तावीस सप्टेंबरला, तिथं हजर असतात. ही आमचीच गाडी असं त्यांनी म्हटलं तर जागा आपली. पुढच्या वर्षी ते असतील-नसतील, तेव्हा जे व्हायचं ते याच वर्षी.

बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला त्यांचा आवाज आठवत नाही की चालणं आठवत नाही. त्यांचं नाव कुठंतरी छापलेलं पाहावं, एवढीच इच्छा आहे गं.

तुझ्याकडे काम आहे. बॉनेटवरून आडवा जाणारा चामड्याचा पट्टा आणि ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर तूच शिवावंस. पट्टा तीन मिलिमीटर रुंद, टाके दिसले पाहिजेत. आणि हो, स्टिअरिंग मी डावीकडेच बसवलंय. तू कितीही उजवीकडे म्हण, माझ्या भिंतीवरच्या फोटोत ते डावीकडे आहे. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. फोटोला वय नसतं. तुझ्या त्या बटणाची गोष्टही मी आपली ऐकून घेतो झालं.

लोभ आहे तो तसाच राहो, आणि चामडं पातळ असो.

तुझा,
बारक्या


९ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

एकसष्ट वर्षांचा झालास तरी तुझं नाकानं कांदे सोलणं काही सुटलं नाही. काम मोठ्या बहिणीकडून करून घ्यायचं आणि त्याच पत्रात तिला खोटं पाडायचं, हे तुलाच जमतं.

पुन्हा एकदा लिहिते, नीट वाच. शर्यतीला न्यायला गाडी ट्रकवर चढवायची होती त्या सकाळी बाबांनी मला उचलून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. गाडीला दार एकच, तेही उजवीकडे. माझ्या उजव्या कोपराला दाराचा गार पत्रा लागत होता. मी निळा फ्रॉक घातला होता, त्याला सहा बटणं. बाबांनी उचलताना एक बटण तुटलं आणि सीटखाली गेलं. मी भोकाड पसरलं. बाबांनी हात घालून पाहिलं, सापडेना, तेव्हा म्हणाले की राहू दे, तुझं बटण चोवीस तास गाडीत फिरून येईल. ते काही परत आलं नाही. आईनं त्या जागी पांढरं बटण लावलं आणि वर एक धपाटाही दिला.

बाबांबद्दल बाकी मला जे माहीत आहे ते सगळं आईनं सांगितलेलं. एवढी एकच आठवण माझी स्वतःची आहे. तू हसतोस तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहिलं. आता विषय संपला.

पट्टा शिवते. हातमोज्याचं चामडं तासून पातळ करावं लागेल. पण तो बकलात कसा अडकवलाय आणि टाके कुठून कुठं गेलेत ते पाहिल्याशिवाय मी कात्री लावणार नाही. तो फोटो तू घेऊन गेलास त्याला वीस वर्षं झाली. चांगला मोठा करून पाठव, टपालाच्या तिकिटाएवढा नको.

भावजयीला सांग, तिचा विनोद मी दुकानात हाताखालच्या दोघींना सांगितला. माया असू दे आणि मान जप.

तुझी,
ताई


१६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत फोटो, वर्तमानपत्राच्या पानाएवढा केलाय. पट्ट्याचे टाके मोजता येतील. स्टिअरिंगही दिसेल, पण मी बोट दाखवणार नाही.

तुला वाईट वाटलं असेल तर मला माफ कर. हसायचं म्हणून हसत नव्हतो. पण मॉडेल करणाऱ्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा असतो, आठवणीवर नाही. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी आठवडा घालवतो, मग अख्खं स्टिअरिंग ऐकीव गोष्टीवर कसं हलवू?

शेवटचा वार्निशचा हात काल दिला. इतकी देखणी झालीय की शेजारी तिकीट काढून बघायला येतील. पट्टा आला की संपलं.

तुझी माया तेवढी ठेव, राग सोड.

तुझा,
बारक्या


२१ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचण्याआधी बसून घे.

पट्ट्याचे टाके पाहायला मी फोटो टेबलावर पसरला. पट्ट्याशेजारी बॉनेटवर हात ठेवून बाबा उभे आहेत. माझी नजर टाक्यांवर जाण्याआधी त्यांच्या शर्टावर गेली. पन्नास वर्षं मी तेच करतेय, माणूस नंतर दिसतो, कपडा आधी. आणि मी चमकले. काजं त्यांच्या उजव्या हाताच्या पट्टीवर आहेत, बटणं डाव्या हाताच्या. खिसा छातीवर उजवीकडे.

तुझ्या अंगातला शर्ट बघ. पुरुषाच्या शर्टाला काजं डाव्या पट्टीवर असतात, बटणं उजव्या, खिसा डावीकडे. उलटी पट्टी बायकांच्या ब्लाउजला. तो शर्ट आईनं शिवलेला आहे. जिनं मला चुकीच्या पट्टीसाठी फूटपट्टीनं मारलं, ती नवऱ्याला बायकी पट्टीचा शर्ट घालून जगासमोर उभा करेल?

शर्ट बरोबर आहे, फोटो उलटा छापलाय. फोटोवाल्यानं निगेटिव्ह पालथी घातली. गाडीवर एकही अक्षर नाही, आहे तो नुसता आठचा आकडा, आणि आठ उलटा केला तरी आठच. म्हणून साठ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंतीवर होता तेव्हा बाबा बोटाएवढे दिसायचे, त्यांची काजं मला कुठून दिसणार?

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. तुला लागेल. आरसा घे आणि त्यात फोटो बघ.

मला मुळीच आनंद झालेला नाही. थोडा झालाय.

तुझी,
ताई


२६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी म्हटलं, एका काजावरून हिनं सुतानं स्वर्ग गाठला. मग कपाटातले माझे सगळे शर्ट काढून पाहिले. मग न्हाणीघरातल्या आरशासमोर फोटो धरून उभा राहिलो. शर्ट सरळ झाला, आणि स्टिअरिंग उजवीकडे गेलं. दारही उजवीकडे. तुझं कोपर बरोबर होतं, ताई.

माझं मात्र सगळं चुकलं. नुसतं स्टिअरिंग हलवून भागत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यामागचा उंचवटा एका बाजूला आहे, पेट्रोलचं टोपण एका बाजूला, सायलेन्सर, दार, आरसा, सगळं एकेका बाजूला. म्हणजे गाडीचं अख्खं अंगच नवं करायला हवं. पहिल्याला अकरा महिने लागले, हातात नऊ आठवडे आहेत.

तीन दिवस झाकण घालून ठेवलीय तिच्यावर. तुझी भावजय जेवायला बोलावते तेव्हा जातो, एरवी नुसता बसतो. खरं सांगू? मनात पाप आलं. बाई लिहितात की ड्रायव्हरांची नजर फार अधू झालीय, माणसं आवाजावरून ओळखतात. रंग बरोबर, नंबर बरोबर. त्यांना काय दिसणार? देऊ का आहे तशीच? निदान बाबांचं नाव तरी लागेल.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी विचारतो.

तुझा,
बारक्या


३१ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

माहीत आहे तर विचारतोस कशाला?

आरशातल्या गाडीखाली बाबांचं नाव लावणार तू? ज्या माणसानं एक गाडी चोवीस तास बंद पडू दिली नाही, त्याच्या नावाखाली पालथी गाडी? त्यापेक्षा जागा रिकामी राहिलेली परवडली. ड्रायव्हरांना दिसणार नाही हे खरं असेल. पण तुला रोज दिसेल, आणि तुझी मान आधीच दुखते.

उसवायला लाज कसली? माझं आयुष्य निम्मं शिवण्यात गेलं, निम्मं उसवण्यात. आई म्हणायची, उसवलेली शिवण दुसऱ्यांदा सरळ येते, कारण हाताला वाट माहीत झालेली असते. अकरा महिन्यांतले किती दिवस तू नुसता विचार करत बसला होतास ते आठव. तो विचार झालाय. चाकं झालीत, इंजिन झालंय, रंग कालवून ठेवलेला आहे. अंग तेवढं नवं कर.

सोबत पट्टा आणि सीटचं कव्हर. बकल उजव्या-डाव्याचं भांडण न करणारं केलंय, कसंही लाव. सहा पट्टे बिघडले तेव्हा हा सातवा झाला, आणि मी कुणाला पत्र लिहून रडले नाही.

झाकण काढ. जेव. कामाला लाग. माझा जीव तुझ्यात आहेच, तो लिहून दाखवायची वेळ आणू नकोस.

तुझी,
ताई


१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं! काल संध्याकाळी अंग चाकांवर बसवलं आणि मी खोलीभर नाचलो. मान आडवी आली, तरी नाचलो.

आई खरं बोलायची. हाताला वाट माहीत होती. पहिल्या वेळी उंचवट्याचा साचा चौदा वेळा मोडला होता, या वेळी दोनदा. आरसा टेबलावर कायमचा उभा केला आणि फोटो फक्त त्यातच पाहिला. गंमत म्हणजे पहिल्या गाडीत मला दोन-तीन गोष्टी खटकत होत्या. गिअरचा दांडा पायाशी अडखळतोय असं वाटे. म्हटलं, त्या काळी असेल तसं. आता उलट्या बाजूनं बसवला तर सगळं कसं मोकळं झालं. बाबांनी ते बरोबरच केलं होतं, मीच त्यांना साठ वर्षांनी वाकडं करत होतो.

शेवटी पट्टा बसवला. ताई, असलं काम मी कुणाचं पाहिलं नाही. एवढ्याशा चामड्यावर टाके मोजले, बेचाळीस आहेत. फोटोतही बेचाळीस.

सत्तावीसला तू यावंस. गणवेशांचं काम आहे, गुडघे आहेत, सगळं माहीत आहे, तरी लिहिलं. जमलं नाही तर त्या दिवशी लोभाबरोबर काळजीही थोडी असू दे.

तुझा,
बारक्या


२८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जागा आपली झाली! आधी हे लिहितो, मग बाकीचं. एकोणिसाव्या जागेवर आठ नंबर उभी आहे आणि खाली बाबांचं पूर्ण नाव आहे, छापील, काळ्या अक्षरांत. मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चष्मा पुसावा लागला.

आता कसं झालं ते ऐक. ड्रायव्हर आले. उंच, काठीसारखे बारीक, जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यातूनही फारसं दिसत नाही. मी कोण ते बाईंनी सांगितलं तर त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली आणि म्हणाले की मेकॅनिकचाच मुलगा. मग मॉडेलला हात लावू का, असं विचारलं. मी एरवी कुणाला फुंकरही मारू देत नाही, पण हो म्हणालो.

ते गाडीच्या मागं उभे राहिले. डावा हात शेपटावर डावीकडे गेला, तिथं पेट्रोलचं टोपण लागलं. मान हलवली. उजवा हात उजव्या कडेनं पुढं आला, दार लागलं, दारावरून बोट आत गेलं आणि स्टिअरिंगच्या चाकावर थांबलं. खूप वेळ थांबलं. त्या नऊ आठवड्यांत मी घाबरलो नव्हतो तेवढा त्या मिनिटात घाबरलो. मग ते म्हणाले, ही माझी. बाईंना म्हणाले, लिहा, ही आमचीच. सगळ्या दालनात टाळ्या वाजल्या. पहिली गाडी नेली असती तर त्यांचं बोट सपाट पत्र्यावर फिरलं असतं, ताई. त्यांना डोळ्यांची गरजच नव्हती.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्यांनी गाडी उचलून कानाशी धरली, हळूच हलवली आणि विचारलं की ही खुळखुळत का नाही. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या शर्यतीत पहिल्या फेरीपासून त्यांच्या सीटखाली काहीतरी खुळखुळत होतं. पेट्रोल भरायला थांबले की दर वेळी ते बाबांवर ओरडायचे, काहीतरी सैल आहे, काढा ते. बाबा दर वेळी हसायचे. शेवटी म्हणाले की सैल काही नाही, माझ्या लेकीचं बटण आहे, ते चोवीस तास फिरून येईल असं तिला सांगून आलोय, त्याला हात लावायचा नाही. पहाटे डोळे मिटायला लागले तेव्हा त्या आवाजानंच जागं ठेवलं, नाहीतर गाडी शेवटपर्यंत पोचली नसती, असं ते म्हणाले.

मी त्यांना बटणाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. साठ वर्षं तू सांगत होतीस आणि साठ वर्षं मी हसत होतो. तू काही विसरली नव्हतीस, आणि बाबाही काही विसरले नव्हते. मला माफ कर. हे मी आरशाशिवाय लिहितोय.

तुझा,
बारक्या


४ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानात उघडलं ही चूक झाली. तीन गणवेश ओले झाले आणि गिऱ्हाइकांना सांगावं लागलं की इस्त्रीचं पाणी सांडलं.

बाबा रागवले असतील, आपण रडलो म्हणून त्यांचं काम अडलं असेल, असं मला लहानपणापासून वाटायचं. ते तर चोवीस तास हसत होते. मी किती हलकी झाले ते तुला कसं सांगू? आईच्या फोटोला सांगितलं, तिचा धपाटा तिला परत केला.

नाव लागलं याचा आनंद आहेच. पण त्या माणसाला बोटांनी गाडी ओळखू आली, हे तुझं आहे, बाबांचं नाही. शाबास, बारक्या. आणखी काही लिहीत नाही, डोक्यावर चढशील.

फ्रॉक केव्हाच गेला, पण आईच्या बटणांच्या डब्यात त्यातली पाच निळी बटणं अजून आहेत. एक सोबत पाठवतेय. हे तुझ्या गाडीत चालणार नाही हे मला माहीत आहे. बारावा हिस्सा म्हणजे तुला मोहरीएवढं करावं लागेल. नमुना म्हणून ठेव, रंग आणि भोकं नीट बघून घे.

माझा लोभ बटणाच्या पुडीत बांधलाय, सांडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोहरीएवढं बटण करून पाहिलं. झकास झालं, दोन्ही भोकांसकट. सीटखाली ठेवून हलवलं, पण आवाजच येईना.

म्हणून काल संग्रहालयात गेलो. बाईंकडून कपाट उघडून घेतलं, सीट काढली आणि तुझं खरं बटण आत टाकलं. मावेल अशी जागा तिथं होती. सीट आणि तू शिवलेलं कव्हर पुन्हा बसवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अर्ध्या मिलिमीटरवरून मला पाच पत्रं लिहिणारे तुम्हीच ना? हे तर बारापट मोठं आहे. मी म्हणालो, असू द्या. बाकी सगळी गाडी बाराव्या हिश्शाची आहे, तेवढं एक खऱ्या मापाचं आहे.

ड्रायव्हरांना फोन लावून गाडी फोनजवळ हलवली. मग ते म्हणाले, हां, हाच.

सोबत रेल्वेचं तिकीट, अठरा तारखेचं. मी स्टेशनवर येतो. गणवेश दुकानातल्या दोघींना सांभाळू देत आणि गुडघ्यांना माझं नाव सांग. बाईंनी कपाट उघडायचं कबूल केलंय. उजवीकडे उभी राहा, दार तिकडे आहे. लोभ बरोबर घेऊन ये, वाढवायचं आपण इथं बघू.

तुझा,
बारक्या